आईच्या आवाजाची जादा प्रत

आमच्या आबांच्या लेखी जगातलं सगळ्यात मोठं पाप म्हणजे सरप्लस. आबा म्हणजे माझे वडील. उभी हयात त्यांनी लष्कराच्या स्टोअरमध्ये काढली. गोळ्या झाडण्यापेक्षा मोजण्यात त्यांची जास्त वर्षं गेली. तिथला न्याय असा की मोजदादीत एखादं ब्लँकेट कमी भरलं तर माणूस दंड भरून सुटतो, पण एक जास्त भरलं तर त्याची खैर नाही. जास्तीचं आलं कुठून? कुणाच्या वाटणीचं मारलं? या प्रश्नांना उत्तर नसतं. त्यामुळे सुभेदार म्हणून रिटायर होऊन सातारला घरी आल्यावर आबांनी पहिलं काय केलं असेल, तर घरातली प्रत्येक जास्तीची वस्तू हुडकून काढली. आईचं दुसरं लाटणं शेजारी गेलं. दोन कात्र्यांपैकी एक कुंडलला, आमच्या गावी, चुलत्यांकडे गेली. "एक वस्तू, एक जागा, एक जबाबदार माणूस," असं ते म्हणायचे. आई म्हणायची, "नशीब माझं. बायको बी एकच केली."

अशा माणसाच्या घरात मी बॅकअप हा शब्द घेऊन आलो. पुढं जे झालं त्यात माझं किती चुकलं, आबांचं किती आणि कॉम्प्युटर नावाच्या डब्याचं किती, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

आधी आईचं सांगायला हवं. आई भजनात गायची. आमच्या पेठेत बायकांचं भजनी मंडळ होतं, दर मंगळवारी देवळात बसायचं, आणि गौळण म्हणायची वेळ आली की सगळ्या जणी आईकडे बघायच्या. तिचा आवाज मोठा नव्हता, पण वरच्या पट्टीत गेला की तिथं मांडी घालून निवांत बसायचा. मग तिच्या गळ्यात गाठ निघाली. मिरजेला ऑपरेशन झालं. आवाज बदलू शकतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तसा तो बदलला. गाठ गेली, आई खडखडीत बरी झाली, बोलायलाही काही अडचण नव्हती, जरा घोगरं यायचं इतकंच. पण गायला गेली की वरचा सूर लागायच्या आतच तुटायचा. एका मंगळवारी ती भजनाला जाऊन आली आणि पुन्हा गेली नाही. "गुडघं दुखत्यात, खाली बसवत न्हाई," म्हणाली. मी आणि आबांनी गुडघ्याला चोळायचं तेल आणलं. इतके आम्ही हुशार.

ऑपरेशनच्या आधीची एक कॅसेट घरात होती. देवळातल्या सप्ताहात मंडळाचं भजन झालं तेव्हा आबांनीच टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन ती भरली होती. आईचा आवाज म्हणून जगात जे काही शिल्लक होतं ते तेवढंच. आणि एका पावसाळ्यानंतर कपाट आवरताना दिसलं की त्या कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी चढली आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी सांगलीत खोली घेऊन राहायचो आणि तासगावला बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजच्या ऑफिसात नोकरीला जायचो. तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, त्यामुळे आमच्या भाऊकीत मी म्हणजे वासरात लंगडी गाय शहाणी. कुणाच्या टीव्हीला मुंग्या आल्या तरी मला बोलवायचे. माझा जुना कॉम्प्युटर मी सातारच्या घरी आणून ठेवला होता आणि खोलीवर नवा जोडून घेतला होता. कॅसेटची बुरशी बघून मी जाहीर केलं की आईचा आवाज आता कॉम्प्युटरमध्ये घ्यायचा. तिथं बुरशी लागत नाही, फीत घासत नाही, कल्पांतापर्यंत काळजी नाही.

फीत स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली, टेपरेकॉर्डरच्या मागून वायर काढून कॉम्प्युटरला जोडली आणि मी आणि आबा श्वास धरून बसलो. एक बाजू झाली, दुसरी झाली, आणि शेवटची आरती संपता संपता फितीनं 'कुर्र' केलं आणि ती टेपरेकॉर्डरच्या पोटात गुंडाळली गेली. ओढून काढली तर तुकडे हातात आले. पण आवाज आत आला होता. मी तो दाबून लहान केला, गौळणी वेगळ्या केल्या, फोल्डरला 'आई' असं नाव दिलं. आबांनी फितीचे तुकडे समोर धरून विचारलं, "ह्ये आता राइट-ऑफ का?" मी म्हटलं, राइट-ऑफ. त्यांनी ते फेकून दिले.

त्यानंतर आबांना कॉम्प्युटरचं वेड लागलं. आम्ही घरभर वायरी फिरवल्या. एक स्पीकर पुढच्या सोप्यात, एक मागच्या मोरीपाशी आणि एक स्वयंपाकघरात, भांड्यांच्या मांडणीच्या वर. कॉम्प्युटर एकच, गाणी एका ठिकाणी, ऐकायची मात्र साऱ्या घरानं. आज याला मोठं नाव आहे म्हणे; तेव्हा आमची गल्ली त्याला 'सुभेदारांचं आकाशवाणी केंद्र' म्हणायची. सकाळी आबांचा बिगुल ठरलेला. कॉम्प्युटर सुरू व्हायचा, खोकायचा, करकरायचा, आणि मग तिन्ही स्पीकरमधून आईची गौळण सुरू व्हायची. आबा सोप्यात डोळे मिटून बसायचे. मी सुट्टीला आलो की अंथरुणातच पडून ऐकायचो आणि मनात म्हणायचो, वा रे पठ्ठ्या, आईला तिचा आवाज परत आणून दिलास.

आई काय करायची? नेमकी गौळण सुरू झाली की चटणीचा मिक्सर लावायची. नाहीतर पाण्याची मोटर. कधी मागच्या दारी जाऊन भांडी घासत बसायची, तर तिथंही मोरीपाशी स्पीकर. एकदा म्हणाली, "आवं, जरा बारीक करा." आबांनी बारीक केला. मला वाटायचं, तिला भरून येत असेल. आबांना वाटायचं, तिला लाज वाटते. आमच्या दोघांत यावर चर्चाही झाली, पण तिला विचारावं हे काही आम्हाला सुचलं नाही.

एका पावसाळी संध्याकाळी गल्लीत वीज कडाडली आणि शेजारच्या घरातला टीव्ही उडाला. आमचा कॉम्प्युटर वाचला, पण थोडक्यात. कॅसेट गेलेली, आणि आता आईचा आवाज त्या एका डब्यात. मी सांगलीला एक जुनी हार्ड डिस्क मिळवली. तेव्हा अशा डिस्क काढता-घालता याव्यात म्हणून एक ड्रॉवर मिळायचा, चावी लावायचा. डिस्क त्यात बसवायची, या कॉम्प्युटरमधून काढून त्या कॉम्प्युटरमध्ये सरकवायची. तो ड्रॉवर टॉवेलात गुंडाळून, स्टीलच्या डब्यात घालून मी सांगलीहून एसटीनं निघालो. खड्डा आला की डबा छातीशी धरायचो. मलकापूरला शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "देव हायत का आत?" मी हो म्हटलं. खोटं बोललो असं मला वाटलं नाही.

घरी येऊन डिस्क जोडली आणि घोळाला सुरुवात झाली. कॉम्प्युटरच्या आत प्रत्येक कप्प्याला एक अक्षर असतं. आमची गाणी 'डी' मध्ये होती. नवी डिस्क आत सरकवली की तीच 'डी' व्हायची आणि गाणी 'ई' मध्ये सरकायची. बाहेर काढली की गाणी परत 'डी'. आबा चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले.

"काल डी मधी व्हती. आज ई मधी. कुणाच्या हुकमानं बदली झाली?"

"आबा, तसं होतं. ती आपोआप सरकतात."

"आपोआप? आपोआप सरकाय ती काय मेंढरं हायत?"

मला खरंच माहीत नव्हतं का ते. मी विषय बदलला आणि 'आई' फोल्डर डिस्कवर उतरवून घेतलं. आता हे फोल्डर दोन्हीकडे दिसायला लागलं, आणि आबांच्या कपाळावर आठी पडली.

"ह्यातली खरी कुठली?"

"दोन्ही खऱ्या."

"असं नसतंय. एक खरी, एक नक्कल."

"नक्कल नाही आबा, बॅकअप. दोन्ही अगदी सारख्या. एक गेली तर दुसरी."

"म्हंजी सरप्लस."

मी वैतागलो. माणसाला एखादी गोष्ट समजत नाही म्हणून नव्हे, तर आपल्याला समजावता येत नाही म्हणून राग येतो. मी जरा चढ्या आवाजात सांगितलं की बॅकअप नेहमी दुसऱ्या घरात ठेवायचा असतो, म्हणून डिस्क मी सांगलीला नेणार, तुमची तुमच्याकडे राहील, माझी माझ्याकडे. "तुम्ही तुमचं सांभाळा, मी माझं सांभाळतो." आबा जरा विचार करून म्हणाले, "म्हंजी इशू करून घितलास. बरं." मला वाटलं, पटलं. त्यांच्या डोक्यात मात्र त्या एका शब्दासरशी वस्तू सातारच्या स्टोअरमधून सांगलीच्या स्टोअरला रवाना झाली होती.

मी सांगलीला परतल्यावर थोड्याच दिवसांत कुंडलला आमचे एक म्हातारे चुलते वारले. ज्यांच्याकडे ती कात्री गेली होती तेच. सुतक लागलं. तेराव्यापर्यंत घरात गाणं नाही, देवपूजा नाही. आबांनी स्पीकरच्या वायरी स्वतःच्या हातानं उपसल्या. सकाळचा बिगुल बंद झाला. आता आबांसारख्या माणसाला सकाळी काम नसणं म्हणजे काय, ते घरच्यांनाच माहीत. त्यांनी कॉम्प्युटरची साफसफाई काढली.

साफसफाईत एक गोष्ट त्यांच्या फार आवडीची होती. ती मीच शिकवली होती. डिस्कवरच्या वस्तू वापरून वापरून इकडंतिकडं पडतात, त्या पुन्हा रांगेत लावायची सोय कॉम्प्युटरमध्ये असते. ती सुरू केली की पडद्यावर रंगीत चौकोन दिसतात आणि एकेक चौकोन उठून आपल्या जागी जाऊन बसतो. आबा खुर्ची ओढून तासन्‌तास ते बघायचे, परेड बघावी तसे. एखादा चौकोन रेंगाळला तर "चल रं, चल" म्हणायचे. आईला हाक मारून दाखवायचे. आई येऊन बघायची आणि "लय भारी" म्हणून परत जायची.

त्याच दिवसांत कॉम्प्युटर त्यांना सारखं बजावत होता की जागा भरत आली आहे. आबांनी विचार केला. सुतकात गाणी लागायची नाहीत. वस्तू सांगलीला इशू झालेली आहे. तिथं ती नीट आहे, मुलाच्या चार्जमध्ये आहे. मग इथं ती दिसते ती कागदावर नसलेली, जादा. लागेल तेव्हा सांगलीला मागणी पाठवायची आणि आणवून घ्यायची. त्यांनी 'आई' फोल्डर पुसलं. पुसलेलं कचऱ्याच्या डब्यात जातं, हे त्यांना माहीत होतं. शिस्तीप्रमाणे तो डबाही रिकामा केला. आणि मग मोकळी झालेली जागा बघून खूश होऊन त्यांनी सगळे चौकोन परत रांगेत लावले.

इकडे सांगलीत मी काय करत होतो? मीही साफसफाईच करत होतो, बाप तसा बेटा. त्या अक्षरांच्या सरकासरकीनं मला झोप लागत नव्हती. डिस्क जुन्या पद्धतीनं आखलेली होती, म्हणून तिचे दोन तुकडे पडत होते आणि तुकडे पडले की आणखी अक्षरं. कोर्समधल्या एका मित्रानं सांगितलं होतं की नव्या पद्धतीनं फॉरमॅट मार, सलग एकच होईल. फॉरमॅट म्हणजे रानातले सगळे वाफे मोडून नव्यानं पाडणं. उभं पीक असलं तर ते जातं. हे मला पक्कं माहीत होतं. कॉम्प्युटरनंही मला विचारलं, यावरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का? मी मनाशी म्हटलं, चालेल की, हा तर बॅकअप आहे. खरी सातारला आहे.

आज लिहिताना हे वाक्य वाचून मला माझंच हसू येतं. आबांना मी सांगितलं होतं की दोन्ही खऱ्या. आणि बटण दाबताना मीच तिला नक्कल ठरवून मोकळा झालो. नवी आखणी केली आणि तिच्यावर ऑफिसातनं आणलेल्या काहीबाही गोष्टी भरायला घेतल्या.

तेरावं झालं. ऑफिसात आबांचा फोन आला.

"दिस झालं बाबा. आता ती डिस्क घिऊन ये सवडीनं. आयची गाणी लावायची हायत."

"त्यासाठी डिस्क कशाला आबा? तुमच्याकडं आहेत की."

"माझ्याकडं न्हाईत. तुझ्या चार्जमधी हायत."

"माझ्याकडची मी पुसली. तुमच्याकडं आहेत म्हणून."

मग आबा अगदी हळू म्हणाले, "मी बी पुसली. तुझ्याकडं हायत म्हणून."

मागं बेदाण्याची खोकी चढवणाऱ्या हमालांचा गलका चालला होता. मी फोन कानाला धरून उभा राहिलो. मला आबांचा राग आला, मग स्वतःचा, मग कुणाचाच येईना. नुसतं सुन्न झालं. आईचा आवाज आम्ही दोघांनी मिळून, एकमेकांवर पुरता विश्वास ठेवून, पुसून टाकला होता.

"तिला सांगू नका," मी म्हटलं.

"खुळा का काय! कसं सांगू?" आबा म्हणाले.

सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं एक दुकान होतं. तिथला माणूस म्हणाला की पुसलेलं लगेच जात नाही, त्याच्यावर दुसरं काही बसेपर्यंत ते तिथंच असतं. तुमच्या डिस्कवर तुम्ही नवीन भरलंय म्हणजे थोडंच मिळेल, पण घरच्या कॉम्प्युटरला पुसल्यावर हात लावला नसेल तर सगळं परत येईल. माझ्या जिवात जीव आला. दुकानातूनच सातारला फोन लावला.

"आबा, पुसल्यावर कॉम्प्युटरवर काही केलंत का?"

"काय न्हाई."

"नक्की?"

"काय बी न्हाई रं. फकस्त समदी रांगेत लावली."

मी दुकानदाराकडे बघितलं आणि सांगितलं. त्यानं नकारार्थी मान हलवली. सगळे चौकोन उठून मोकळ्या जागेत जाऊन बसले होते, म्हणजे आईच्या गौळणींच्या अंगावर. आबांनी ती परेड खुर्ची ओढून, कौतुकानं बघितली होती. हे मी त्यांना फोनवर सांगितलं नाही. कधीच सांगितलं नाही.

दुकानदारानं माझी डिस्क ठेवून घेतली. मध्ये बरेच दिवस गेले. मी रोज तासगावहून परतताना दुकानात डोकवायचो. अखेर त्यानं एक गौळण काढून दिली. एकच, पण अख्खी. बाकी नुसती खरखर. ती गौळण डिस्कवर एकटी ठेवून, तोच डबा, तोच टॉवेल घेऊन मी सातारला निघालो. यावेळी डब्यात काय आहे ते कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

आबा स्टँडवर घ्यायला आले होते. कधी येत नसत. कोर्ट मार्शलला निघालेल्या दोघा जवानांसारखे आम्ही चालायला लागलो.

"काय म्हणते आई?" मी विचारलं.

"त्योच घोळ हाय गड्या. काय म्हणतच न्हाई. गाणी का लावत न्हाई म्हणून एका शब्दानं इचारलं न्हाई तिनं."

"कळलं असेल का तिला?"

"कळलं असतं तर रडली असती. ही तर खुशीत हाय. परवा मंडळातल्या बाया आल्या, तर त्यास्नी च्या करून घातला आन्‌ हसत बसली. मला तर काय उमगंना."

मलाही उमगेना. आम्ही ठरवलं की आधी गौळण लावायची, मग खरं काय ते सांगायचं. आवाज ऐकला की तिला धीर येईल. घरात शिरलो. आई स्वयंपाकघरात होती. आम्ही चोरपावलांनी कॉम्प्युटरपाशी गेलो, मी ड्रॉवर सरकवला, आबांनी वायरी जोडल्या, आणि नव्या आखणीची ती डिस्क घरच्या जुन्या कॉम्प्युटरला दिसेचना. हे मला आधीच सुचायला हवं होतं. मी काढली, पुन्हा घातली. आबा म्हणाले, "ई मधी बघ." मी म्हटलं, "ई नाहीच आहे." "मग एफ मधी बघ." आमची कुजबुज वाढत वाढत भांडणापर्यंत गेली आणि आई पीठ माखल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

"काय चाललंय?"

आबा सावधान उभे राहिले. खरंच, दोन्ही हात मांड्यांना चिकटवून. आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. त्यांनी पुसली, मी पुसली, एकच वाचली, ती ह्या डब्यात आहे आणि डबा उघडत नाही. मी खाली बघत होतो. मला रडू येत होतं आणि इतक्या मोठ्या वयात आईसमोर रडायची लाजही वाटत होती.

आईनं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "म्हंजी आता सकाळी लागायची न्हाईत?"

"न्हाई," आबा म्हणाले.

तिनं पदरानं कपाळ पुसलं. तिथं थोडं पीठ लागलं.

"बरं झालं," ती म्हणाली.

आम्ही दोघांनीही मान वर केली.

"आवं, सकाळी उठून मी चुलीपुढं यायचं, आन्‌ माझ्या आधी तिनं सुरू करायचं. रोज. मांडणीवर बसून. मोरीवर जावं तर तिथं बी तीच. कसा लागायचा तिचा सूर, पाक वर! त्यो ऐकल्यावर मी तोंड उघडायचं का? माझ्या घरात तीच गायची. मग मी कवा गायचं?"

'ती' म्हणजे कोण, हे कळायला मला क्षणभर लागलं. आणि कळलं तेव्हा इतके महिने सकाळी अंथरुणात पडून मी स्वतःची पाठ थोपटत होतो, ते आठवलं.

"मग आदी का न्हाई बोललीस?" आबांनी विचारलं.

"तुमी दोघं इतक्या हौसेनं वायरी वढत हुता. काय बोलू?" मग म्हणाली, "सुतकात बंद झालं तवा कानाला बरं वाटलं. त्यावरनं थोडं थोडं म्हणतीय मी. तुमी बाजारला गेलासा की."

आबा खुर्चीत बसले. आपल्या स्टोअरमध्ये आपल्याला ठाऊक नसलेलं काही घडत होतं, ही गोष्ट त्यांना पचायला जड जात होती. मलाही कळेना, आम्ही जे घालवलं ते नुकसान होतं की नव्हतं. ते आजही कळलेलं नाही. ती उरलेली गौळण माझ्याकडे आहे. कधीतरी मी ती एकटा असताना ऐकतो, आणि ऐकताना मला ती फार फार गोड लागते, आणि आपण आईच्या पाठीमागं कुणा दुसऱ्याच बाईला भेटतोय असंही वाटतं.

त्या दिवशी आबा म्हणाले, "म्हण की मग."

"आता?"

"आता. आमी ऐकतो."

ती नको नको म्हणाली, हात पिठाचे आहेत म्हणाली, भाकरी करपेल म्हणाली. मग आत जाऊन गॅस बारीक करून आली आणि दाराच्या चौकटीला टेकून तिनं गौळण सुरू केली. बरीच खालच्या पट्टीत. खर्जातलं तिला चांगलं येत होतं, घोगरं पण ठाम. मग चढाची ओळ आली आणि आवाज मध्येच तुटला. ती थांबली, खाकरली, तीच ओळ पुन्हा घेतली. पुन्हा तुटला. आबा खुर्चीच्या टोकावर येऊन तिच्याकडे असे बघत होते की जणू तो सूर ते स्वतः उचलून वर ठेवणार होते.

"आवं, असं बघू नगासा," आई म्हणाली. "मला येतंय तेवढंच येतंय."

"मग तेवढंच म्हण," आबा म्हणाले.